सेवेत टिकायचं कसं? एका तरुण बहिणीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात आयटी कंपनीत नोकरी करणारी एक मुलगी चर्चच्या तरुण संघाबरोबर दर शनिवारी कुष्ठरोग्यांच्या एका वसाहतीत आणि अंथरुणाला खिळलेल्या काही वृद्धांच्या घरी जाते. सुरुवातीला दहाबारा जण होते, आता तिघं उरलीत. ऑफिसात दिवसभर 'स्वतःला पुढं आण, केलेलं काम दिसू दे' हेच कानावर पडतं. संघातही ज्यांचे फोटो ग्रुपवर येतात त्यांचंच कौतुक होतं. एकदा तिनं एका आजींना भरवतानाचा फोटो टाकला. भरपूर लाइक्स आले, बरं वाटलं, आणि रात्री झोप लागली नाही. ती विचारते, "सिस्टर, मन नम्र कसं करायचं? आणि कोणी विचारत नसताना वर्षानुवर्षं टिकायचं कसं?"

मी परिचारिका. मिशन हॉस्पिटलांचे वॉर्ड आणि कुष्ठरोग विभाग यांत माझी नोकरी झाली, निवृत्तीनंतर घरभेटी चालू आहेत. जे सांगते ते त्या कामातून आलेलं आहे.

सलाम बेटा,

मन नम्र करायच्या मागे लागू नकोस. 'आज मी नम्र होते का' हे तपासत बसलं की लक्ष फिरून स्वतःवरच येतं. ऑफिसातली माणसं स्वतःला मोठं करायला स्वतःकडे बघतात, आपण स्वतःला लहान करायला बघतो, पण नजर दोघांचीही तिथंच अडकलेली असते. मी आयुष्यभर जी खरी नम्र माणसं पाहिली, ती आपल्या नम्रतेबद्दल कधी बोलली नाहीत. ती कामात चोख होती. काम नीट शिकलेली होती, ठरल्या वेळी यायची, आणि समोरच्याला काय हवंय ते त्यांना आपल्याआधी दिसायचं. म्हणून आधी कामाचं बोलू.

वसाहतीत तुम्ही काय करता ते तू लिहिलंयस. दोन-तीन गाणी, वचन, प्रार्थना, मग फळं-बिस्किटं वाटप, आणि निघणं. हे चांगलंच आहे, बंद करू नका. पण मी पाहिलेली एक गोष्ट ऐक. एका वसाहतीत एक आजोबा होते. कोणीही भेटीला आलं की पहिल्या ओळीत बसायचे, टाळ्या वाजवून गायचे, 'कसं आहे बाबा' विचारलं की 'देवाची कृपा' म्हणायचे. एकदा प्रार्थना संपून ते उठून गेले आणि ते बसले होते तिथं फरशीवर ओलसर डाग दिसला. मी मागोमाग खोलीत गेले, चप्पल काढा म्हटलं. ते काही केल्या तयार होईनात. शेवटी मोजा काढला तर तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाएवढी जखम. आत पू, आणि मोज्याचं कापड जखमेला चिकटलेलं. बरेच आठवडे ती अंगावर काढलेली होती. "बाबा, बोलला का नाहीत?" तर म्हणाले, "तुम्ही एवढ्या लांबून येता, प्रार्थना करता. तुमचा दिवस कशाला नासवायचा?"

भेट त्यांच्यासाठी होती, आणि ती छान पार पडावी म्हणून तेच पाहुण्यांना सांभाळत होते. आपण स्वकेंद्रित संस्कृती म्हटलं की सेल्फी आणि रील यांच्याकडे बोट दाखवतो. पण सेवेचा कार्यक्रमसुद्धा कधी सेवकांभोवती फिरायला लागतो ते कळत नाही. आपल्याला गायला आवडतं म्हणून गाणी, वाटायला सोपं पडतं म्हणून बिस्किटं. त्या माणसाला मात्र कोणीतरी पाय बघायला हवा असतो.

तेव्हा पुढच्या शनिवारी एक गाणं कमी करा आणि पाय बघा. कसं ते सांगते, कारण हे शिकल्याशिवाय करायचं काम नाही.

कुष्ठरोगाचे जंतू औषधानं मरतात. १९८० च्या दशकापासून एकापेक्षा जास्त औषधांचा एकत्र उपचार, ज्याला सगळे एमडीटी म्हणतात, तो आला आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. उपचार संपलेल्या माणसापासून कोणाला लागण होत नाही, हे तुमच्या संघातल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांनाही स्पष्ट सांग. संघातली गळती या भीतीमुळेही होत असते. पण बऱ्याच जणांच्या ज्या नसा उपचाराआधीच कामातून गेल्या, त्या परत येत नाहीत. पाय बधिर राहतो. काटा रुतला, चपलेचा खिळा टोचला, चुलीपाशी चटका बसला, काही कळत नाही. घाम येत नाही म्हणून कातडी कोरडी पडते, घट्टे धरतात, घट्ट्याला भेग पडते, भेगेची जखम होते, आणि त्याच पायावर चालत राहिल्यानं ती हाडापर्यंत जाते. बोटं झडतात ती अशी.

उपाय रोजचा आणि बिनखर्चाचा आहे. घमेल्यात साधं पाणी घ्यायचं. गरम अजिबात नको, पाय भाजला तरी त्यांना समजणार नाही. वीसेक मिनिटं पाय बुडवून ठेवायचे. घट्टा मऊ झाला की गुळगुळीत दगडानं हलक्या हातानं घासायचा, ब्लेडला हात लावायचा नाही. मग पाणी नुसतं टिपून घ्यायचं आणि कातडी ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलिन चोळायचं, म्हणजे ओल आत राहते. जखम उघडी असेल तर घासाघास करू नका, आधी दवाखान्यात दाखवा. नंतर पाय उजेडाकडे करून तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या बघायच्या, आणि आपल्या हाताची पाठ फिरवून कुठं जास्त गरम लागतं का ते पाहायचं. एकच जागा गरम, लाल किंवा सुजलेली असली तर वरून जखम नसली तरी आत बिघडलेलं असतं. त्या पायाला विश्रांती द्यायची आणि डॉक्टरांना दाखवायचं. शेवटी चपलेत हात घालून तपासायची. मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या) रबराची, मागं पट्टा असलेली, खिळे नसलेली चप्पल त्यांना मिळायला हवी. मिळत नसेल तर तुमच्या संघाची वर्गणी बिस्किटांऐवजी तिथं जाऊ दे.

ही वीस मिनिटं फार कामाची असतात. तुला खाली, त्यांच्या पायाशी बसावं लागतं. हात ओले असल्यामुळे फोन बाजूला राहतो. आणि पाणी चाललेलं असताना माणूस बोलायला लागतो. गावाचं, सोडून गेलेल्या मुलांचं, आईचं. तू काही बोलायची गरज नसते. असं वर्षभर केलंस की 'मला नम्र व्हायचंय' हा प्रश्न तुझ्या डोक्यात येणं कमी होईल, कारण डोक्यात त्या माणसाची टाच असेल.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायात प्रभू शिष्यांचे पाय धुतो ते आपण दर वर्षी ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात ऐकतो. त्यातलं तिसरं वचन सहसा भरकन वाचलं जातं. पित्यानं सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून तो उठला, असं तिथं म्हटलंय. त्यानंतर रुमाल आणि पाणी. आपण कोण आहोत हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, त्यानं ते काम केलं. तुझ्या प्रश्नाचा अर्धा भाग इथं सुटतो. लाइक्स आल्यावर जे बरं वाटलं ते पाप म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. कोणीतरी आपली दखल घ्यावी ही भूक देवानंच माणसात ठेवली आहे. ती भूक सकाळच्या प्रार्थनेत, त्याच्यासमोर भागली पाहिजे. तिथं ती भागली नाही की आपण ती आजींच्या घासातून भागवायला जातो. म्हणून शनिवारी निघण्याआधी अर्धा तास एकटी बस. संघाची प्रार्थना वेगळी, ही वेगळी. आणि त्या खोलीत प्रभूला धरून देणारा यहूदाही होता, त्याचेही पाय धुतले गेले, हेही ध्यानात ठेव. सेवेत कृतघ्न माणसं भेटतील तेव्हा उपयोगी पडेल.

त्याच अध्यायात पेत्र पाय धुवून घ्यायला नकार देतो. सेवा घेणं हे पुष्कळदा करण्यापेक्षा जड जातं. यासाठी एक साधी गोष्ट सांगते: वसाहतीत चहा घे. तुमची मुलं घरून पाण्याच्या बाटल्या आणतात आणि कोणी चहा विचारला की 'आत्ताच घेतला' म्हणतात. समोरच्याला ते बरोबर कळतं. आयुष्यभर हेच कळत आलेलं असतं त्यांना. ज्या घरी तू पाय बघितलास त्या घरचा चहा, त्यांच्या कपात, त्यांच्या हातून घे, आणि गोड जास्त असला तरी पूर्ण पी. यहूदी लोक ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत, त्या शोमरोनी लोकांतल्या बाईपाशी प्रभूनं आधी पाणी मागितलं, बाकीचं बोलणं नंतर झालं. घेणारा आणि देणारा यांतलं अंतर प्रवचनानं जात नाही, अशा चहानं थोडं थोडं जातं.

अंथरुणावरच्या आजींसाठीही हेच. भेटीला गेलीस की सुनेला आधी विचार, आज मी काय करू? बहुतेक वेळा ती म्हणेल, काही नको, प्रार्थना करा. प्रार्थना कर, मग म्हण, "ताई, तुम्ही तासभर पडा, मी बसते." दिवसरात्र आजारी माणसाचं करणाऱ्या बाईला एक तास झोप मिळणं ही मोठी सेवा आहे, आणि तिचा फोटो काढता येत नाही. आजींची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, ते घरच्यांना शिकव. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची हाडं बघ. लाल झालेली जागा बोटानं दाबून सोडल्यावर पांढरी पडली नाही, लालच राहिली, तर पडून राहिल्यानं होणारी जखम (बेडसोर) सुरू झालीय. ती जागा चोळू नकोस, तिच्यावरचा भार काढ. पोटरीखाली उशी घालून टाच गादीवरून अधांतरी ठेव. भरवताना बसतं करून भरव, लहान चमचा घे, आधीचा घास गिळलाय याची खात्री कर, आणि खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करू नकोस. हे सगळं जवळच्या दवाखान्यातल्या एखाद्या सिस्टरकडून हातानं शिकून घ्या. प्रेमानं पण चुकीचं भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो.

आता संस्कृतीचं. आपली पिढी फार बिघडली, पूर्वी असं नव्हतं, असं चर्चमध्ये म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. प्रेषित पौलानं ज्या फिलिप्पै शहराला पत्र लिहिलं ती रोमन वसाहत होती, आणि त्या जगात नाव, पद, मिळालेले मान हे दगडावर कोरून चौकात लावायची रीत होती. कोण कोणत्या हुद्द्यावरून कोणत्या हुद्द्यावर चढला याची यादीच असायची. आपल्याकडच्या चौकातले फ्लेक्स बघ आणि मग पत्राचा दुसरा अध्याय वाच. पौल तिथं ख्रिस्ताची यादी देतो, पण ती उतरत जाते. देवाच्या स्वरूपाचा होता, स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, मरणापर्यंत आणि तेही वधस्तंभाच्या. त्या शहरातल्या मंडळीनं हे पहिल्यांदा वाचून घेतलं तेव्हा त्यांना केवढं विचित्र वाटलं असेल. पुढं तिसऱ्या अध्यायात तो स्वतःच्या मानाची यादी देतो आणि तिला कचरा म्हणतो. आणि बारा शिष्य तर प्रभूबरोबर चालता चालताच आपल्यात मोठा कोण यावर वाद घालत होते, मार्काच्या नवव्या अध्यायात आहे. तेव्हा तुझ्या संघात फोटोवरून रुसवेफुगवे झाले तर दचकू नकोस.

मला या बाबतीत सगळ्यात जास्त बळ पंडिता रमाबाईंकडून मिळतं. त्यांचं नाव तू शाळेत ऐकलंयस, पण त्यांच्या आयुष्याचा क्रम नीट बघ. दुष्काळात आईवडील गेलेली ही मुलगी भारतभर पायी फिरली. १८७८ मध्ये कोलकात्यात विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. इंग्लंडमध्ये १८८३ साली बाप्तिस्मा झाला, मग अमेरिकेत व्याख्यानं, इंग्रजी पुस्तक, ठिकठिकाणी रमाबाईंच्या नावानं मंडळं. आजच्या भाषेत सांगायचं तर जगभर ओळखलं जाणारं नाव. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा सुरू केली, पुढच्या वर्षी ती पुण्याला आणली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुली गोळा करून आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. म्हणून केडगावच्या माळावर, आज दौंडला जाणारी लोकल जिथं थांबते तिथं, राहुट्या आणि झोपड्या उभ्या राहिल्या. पुढं १९०० च्या सुमारास गुजरातेतल्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि केडगावच्या या आश्रमात, म्हणजे मुक्ती मिशनात, दोन हजारांच्या आसपास बायका-मुली झाल्या.

दोन हजार माणसांचं घर म्हणजे काय ते मी हॉस्पिटलात राहिल्यामुळे थोडं समजू शकते. खरूज, उवा, हगवण, दुष्काळानं आत गेलेली पोटं, रात्री किंचाळत उठणाऱ्या मुली. विहिरी खणायच्या, धान्य दळायचं, शेती करायची, माग चालवायचे, छापखाना चालवायचा. ज्या बाईला जगभरच्या व्यासपीठांवर जागा होती, तिनं उरलेलं आयुष्य या माळावर घालवलं. शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि भाषा मुद्दाम सोपी ठेवली, कारण वाचणाऱ्या त्याच अल्पशिक्षित बायका असणार होत्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि तो ग्रंथ मुक्तीतल्या बायकांनीच छापून पुरा केला. पुस्तक हातात धरायला त्या राहिल्या नाहीत, तरी काम पूर्ण झालं, कारण ते इतर हातांना शिकवून ठेवलेलं होतं.

हे 'इतर हातांना शिकवणं' तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे टिकण्याचं, अर्धं उत्तर आहे. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. दोघंही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. त्या महाविद्यालयाचं ब्रीदच प्रभूचे शब्द आहेत, सेवा करून घेण्यास नव्हे, तर सेवा करण्यास. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परत आले आणि जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत बसले. गावात प्रशिक्षित परिचारिका पाठवून काम नीट चालेना, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यांत पुष्कळ दलित, पुष्कळ निरक्षर. या बायकांना त्यांनी बाळंतपण, जुलाब, गरोदर बाईची तपासणी, कुष्ठरोग आणि क्षयरोग ओळखणं शिकवलं. डॉक्टरनं आपली विद्या, जिच्यावर त्याचा मान उभा असतो, ती पाटी न धरलेल्या बाईच्या हाती देणं याला मी मोठी नम्रता समजते. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये गेले, आणि काम चालू राहिलं.

म्हणून तुला जे येतं ते दुसऱ्याला शिकव. वसाहतीतल्याच एखाद्या बाईला पाय बघायला तयार कर. तू शनिवारी येणार, ती रोज असणार. सहा महिन्यांनी तिचं काम तुझ्यापेक्षा चांगलं होईल, लोक तुझ्याऐवजी तिला हाक मारतील. तेव्हा आत जरा टोचेल. टोचू दे, आणि काम चालू ठेव.

टिकण्याचं उरलेलं अर्धं उत्तर अगदी रोखठोक आहे. काम लहान ठेवा आणि वार ठरलेला ठेवा. उत्साहात वीस घरं घेणारे गट मी पाहिलेत, ते पावसाळ्यापर्यंत पोचत नाहीत. ज्या आजारी माणसाला शनिवारी कोणी येणार हे माहीत असतं, तो शुक्रवारपासून वाट बघतो. एकदा न सांगता चुकलात की तो वाट बघणं सोडतो, आणि ते परत मिळवायला फार वेळ लागतो. येता येणार नसेल तर फोन करा. एकटीनं जाऊ नकोस, प्रभूनंही दोघादोघांनाच पाठवलं. एक वही ठेवा. कोणाचा कोणता पाय, काय दिसलं, काय कबूल केलं. 'पुढच्या वेळी चष्मा आणते' असं आपण सहज बोलतो आणि विसरतो, तो माणूस विसरत नाही. वर्गणीचे पैसे असतील तर पै-पैचा हिशेब दुसऱ्या कोणाकडे असू दे, आणि तो पंचकमिटीला दर महिन्याला दाखवा. ज्याला हिशेब विचारलेला आवडत नाही त्याच्या हाती सेवेचे पैसे देऊ नयेत, मग तो कितीही प्रार्थनाशील असो.

आणि विश्रांती घे. हे मी कळकळीनं सांगते, कारण आपल्याकडे थकून कोसळणं हीच समर्पणाची खूण मानतात, विशेषतः बायकांच्या बाबतीत. संदेष्टा एलिया झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. दूतानं भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं. बोलणं नंतर झालं. महिन्यातला एक शनिवार तू जाऊ नकोस, बाकीचे दोघे जातील. झोप काढ, आईला भेट. तुझ्यावाचून एक आठवडा चाललं हे पाहणंही मनाला चांगलं असतं.

फोटोबद्दल माझं मत कडक आहे. माणसाला भरवताना, पुसताना, त्याच्या जखमेचा, त्याच्या चेहऱ्याचा फोटो काढायचा नाही. ज्याला भूक आहे किंवा जो उठू शकत नाही तो 'नको' म्हणू शकत नाही, त्यामुळे त्याच्या 'हो'ला अर्थ नसतो. चर्चला काम कळायला हवं, माणसं जोडली जायला हवीत, हेही खरं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रकाश लोकांपुढे पडू द्या म्हटलंय आणि सहाव्यात दान गुप्तपणे करा म्हटलंय, दोन्ही एकाच डोंगरावर. त्याची मी लावलेली रीत अशी: काम सांगावं, माणूस दाखवू नये, आणि आपलं नाव गाळावं. 'वसाहतीत आठ जणांना चपला हव्यात' हे ग्रुपवर जरूर टाक. आजींचा तो फोटो काढून टाक, सुनेला सांग की काढला, आणि तिथं विषय संपव. त्या एका फोटोवर वर्षभर पश्चात्ताप करत बसणं हेही स्वतःभोवतीच फिरणं आहे.

एक गोष्ट मात्र ठाम लक्षात ठेव. नम्रतेच्या नावाखाली कोणी तुला राबवून घेत असेल तर ते सहन करायचं नाही. कार्यक्रमानंतर भांडी बहिणींनी घासायची आणि शाल भाऊंच्या खांद्यावर, हे मी अनेक मंडळ्यांत पाहिलंय. मिशनच्या कामात 'सेवा आहे' म्हणून मुलींना तुटपुंज्या पगारावर ठेवलेलंही पाहिलंय. जो पौल नम्रतेवर लिहितो, त्यालाच फिलिप्पैमध्ये चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून देतो म्हटलं तेव्हा त्यानं नकार दिला, आम्ही रोमन नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असं सांगितलं. मागं राहणाऱ्या मंडळीसाठी ते आवश्यक होतं. तेव्हा भांडी घासायची तर भाऊंनीही घासायची, हे पाळकसाहेबांना सरळ आणि आदरानं सांग. ते तुझ्या नम्रतेच्या विरुद्ध जात नाही.

कोणी आभार मानत नाही याचं काय, हे तू विचारलं नाहीस, पण पत्रात दिसतंय. लूकच्या सतराव्या अध्यायातला तो दास दिवसभर नांगरून येतो आणि धन्याला वाढून मग स्वतः जेवतो. तरुणपणी मला तो दाखला कठोर वाटायचा. वॉर्डात वर्षं गेल्यावर त्यातली मोकळीक कळली. जे करायचं होतं ते केलं, एवढंच म्हणून ड्युटी संपवता येते. हॉस्पिटलात रात्रपाळीची सिस्टर सकाळी रिपोर्ट देते, किल्ल्या देते आणि घरी जाते. ज्या पेशंटचा ताप उतरला तो कोणाच्या पाळीत उतरला याची नोंद कोणी ठेवत नाही. आणि तुमचे श्रम प्रभूमध्ये व्यर्थ नाहीत हे करिंथकरांना लिहिलेलं वचन पाठ असेल तर ते त्या रात्रपाळीलाही लागू आहे.

ऑफिसात कोणी विचारलं, शनिवारी काय करतेस, तर लपवू नकोस. "कुष्ठरोग बरे झालेल्या काही लोकांकडे जाते, त्यांच्या पायांची काळजी घ्यायचं काम करतो आम्ही." एवढं सरळ वाक्य. कोणी यायचं म्हटलं तर ख्रिस्ती नसला तरी ने, काम शिकव, आणि धर्मांतराची किंवा प्रचाराची कसलीही अट त्या कामाला जोडू नकोस. सेवा घेणाऱ्यालाही तशी अट कधी वाटता कामा नये. प्रभूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, परत एकच आला, म्हणून उरलेल्या नऊ जणांचं बरं होणं काढून घेतलं नाही.

आता तिघंच आहात, तर वसाहतीतले सहा जण आणि अंथरुणावरच्या दोन आजी एवढेच धरा. वसाहत पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, आजी दुसऱ्या आणि चौथ्या. जे सुटतील त्यांची यादी पाळकसाहेबांना आणि महिला मंडळाला लेखी द्या आणि तोंडीही सांगा, म्हणजे कोणी वाऱ्यावर राहणार नाही. चौथा माणूस नियमित यायला लागेपर्यंत नवं घर घेऊ नका. पाय बघायला शिकायचं असेल तर तिघंही एकत्र या, घमेलं आणि जुना टॉवेल घेऊन, मी शिकवते.